सरकारी पाय

विहिरीनं हात वर केले तेव्हा मक्याला कणसं लागून गेली होती आणि दाणा भरायचा होता. मका तसा समजूतदार. एखादं पाणी उशिरा मिळालं तर तोंड वाकडं करत नाही. पण दाणा भरायच्या दिवसांत त्याला तहानलेलं ठेवलं, तर तो कणीस बाहेरून ठेवतो झकास आणि आतून ठेवतो पोकळ. बघणाऱ्याला काही कळत नाही. सोलणाऱ्याला कळतं.

सूनबाईला सोलायच्या आधीच कळलं होतं. मोटर सुरू केली की ती थोडा वेळ गुरगुरायची, चिखलाची एक गुळणी टाकायची आणि गप्प व्हायची. पाणी आटलं नव्हतं. शेजारच्या विहिरीत, तेवढ्याच खोलीवर, चांगलं कमरेइतकं पाणी होतं. इथे मागच्या पावसात एका बाजूचा काठ ढासळून आत गेला होता आणि त्याच्या गाळाखाली झरे बुजले होते. गाळ काढला की पाणी होतं. गाळ काढायला माणसं हवी होती. आणि माणसं सगळी मोठ्या रस्त्याच्या कामावर गेली होती, तिथे रोजच्या रोज मजुरी मिळत होती आणि दुपारी सावलीत बसायला मिळत होतं. विहिरीत सावली भरपूर होती, पण ती कुणाला मोहात पाडण्यासारखी नव्हती.

घरातला एकमेव धडधाकट पुरुष सीमेवर होता. फोनवर तो फोटो पाठवायचा. त्याच्या मागे, त्याच्या पायाखाली, त्याच्या टोपीवर पाणीच पाणी असायचं, फक्त गोठलेलं. सूनबाई ते फोटो फार वेळ बघायची. नवऱ्यासाठी बघते असं सासूला वाटायचं.

शेवटी ती स्वतःच विहिरीत उतरली. नवऱ्याची जुनी फौजी विजार चढवली, वरून साडी खोचली, आणि खोरं घेऊन गुडघाभर गाळात उभी राहिली. वर कप्पीपाशी सासरे. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं, ती आबा म्हणायची. ती घमेलं भरायची, दोराला अडकवायची आणि दोर हलवायची. वरून आवाज यायचा, "उचल." आबा स्वतःलाच हुकूम द्यायचे आणि स्वतःच तो पाळायचे. घमेलं डुलत वर जाताना त्यातला पातळ गाळ तिच्या डोक्यावर, मानेवर, पदरात गळायचा. दिवसभरात ती जेवढा गाळ वर पाठवायची, त्यातला बराचसा संध्याकाळपर्यंत तिच्या अंगावर असायचा, आणि ढासळलेल्या बाजूनं सकाळपर्यंत तेवढाच नवा घसरून आलेला असायचा. विहीर अशी की जणू तिला कुणाची तरी सोबत लागत होती.

आबांना एकच पाय होता. दुसरा एका जुन्या लढाईत गेला होता. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "तिकडे राहिला," जणू पाहुण्यांकडे छत्री विसरून आले होते. त्याच्या बदल्यात सरकारनं एक पाय दिला होता. चांगला होता. त्याच्या मांडीपाशी क्रमांक कोरलेला होता आणि आबा त्याच्या पायातला बूट स्वतःच्या पायातल्या बुटापेक्षा जास्त चकचकीत ठेवायचे, कारण आपला पाय आपला असतो, पण हा सरकारी होता.

तर हा पाय विहिरीच्या काठच्या दगडाला टेकवून ते दोर ओढायचे. दुपारपर्यंत त्यांच्या तळहातांची सालं निघायची. मग ते हात सासूच्या समोर खिशात ठेवायचे, आणि सासू त्या खिशांकडे बघायची.

एकदा जेवताना सूनबाईनं सुचवून बघितलं की मंडळाला सांगितलं तर. आबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "आपण लोकांच्या उपयोगी पडायला फौजेत जातो. लोकांना आपल्या उपयोगी पाडायला नाही." सासू म्हणाली की हे वाक्य ऐकायला फार छान आहे, पण त्यात पाणी नाही. आबांनी घास परत उचलला. विषय संपला.

मंडळ म्हणजे गावचं सेवा मंडळ. वर्षातून एकदा सैनिकांच्या नावाची सुट्टी असायची, आणि त्या दिवशी मंडळाची माणसं आजी-माजी सैनिकांच्या घरी जाऊन सेवा करायची. या घरात एक आजी आणि एक माजी असे दोघे असल्यामुळे या घराची सेवा सगळ्यात जास्त व्हायची. घर त्या सेवेनं दरवर्षी थकून जायचं.

सेवेचं असं असायचं. आधी अंगण झाडायचं. मग रस्त्याकडच्या भिंतीला चुना द्यायचा. ही भिंत इतक्या वर्षांच्या सेवेनं इतकी जाड झाली होती की तिच्यावरचे खिळे आत गेले होते, आणि दाराला उघडताना थोडं अंग चोरावं लागत होतं. मग दवाखान्यातल्या नर्सबाई सगळ्यांचा रक्तदाब तपासायच्या. मग अध्यक्षांचं भाषण. मग फोटो. मग चहा. अध्यक्षांचं सिमेंटच्या पाइपांचं दुकान होतं आणि भाषणही साधारण तसंच असायचं, लांब, जड आणि दोन्ही बाजूंनी उघडं.

पण माणसं मनापासून यायची, हेही खरं. कुणी बोलावलेलं नसायचं, कुणाला काही मिळायचं नाही. सुट्टीच्या दिवशी घरी पडून राहायचं सोडून लोक आपापला झाडू घेऊन यायचे. अडचण सासूच्या बाजूनं होती. पाहुणे येणार म्हणून ती पहाटे उठून सगळं अंगण लखलखीत झाडून ठेवायची. झाडायला आलेली माणसं मग झाडू घेऊन नुसती उभी राहायची. मागच्या वर्षी अध्यक्षांनी तिला हळूच सांगितलं होतं की काकू, आमच्यापुरता थोडा कचरा ठेवत जा. सासूनं सांगितलं की तिच्या घरात कचरा नसतो. म्हणून या वर्षी पैलवान शाळेच्या मागून पोतंभर पाचोळा घेऊन आला.

पैलवान सायकली दुरुस्त करायचा. अंगानं हुबेहूब हवा भरायच्या पंपासारखा होता, म्हणून त्याचं नाव पैलवान पडलं होतं. त्यानं पोतं अंगणात उलटं केलं, पाचोळा नीट चारी बाजूंना पसरला, आणि मग सगळ्यांनी तो मनोभावे झाडून परत पोत्यात भरला. सासू दारात उभी राहून हे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान होतं. पाचोळा तिचा नव्हता.

आत सूनबाई चुलीपाशी वेगळ्याच काळजीत होती. टाकीतलं पाणी संपलं होतं. मोटरनं सकाळी टाकलेली गुळणी तिनं एका पातेल्यात निवत ठेवली होती, फडक्यातून तीनदा गाळली होती, आणि आलं ठेचून ठेचून घालून आणि पावडर वाढवून चहाचा रंग होता त्यापेक्षा गडद केला होता. तरी कपाच्या तळाशी जे बसायचं ते बसलंच.

पैलवाननं पहिला घोट घेतला आणि थांबला. त्याचे दात काहीतरी चावत होते. त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं. तो कौतुकानंच म्हणाला, "वहिनी, चहा कुरकुरीत झालाय."

सासू म्हणाली आलं आहे.

नर्सबाई आबांच्या दंडाला पट्टा गुंडाळत होत्या. त्यांनी आपला कप उजेडाकडे धरून बघितला, ठेवून दिला, उठल्या, आणि कुणाला न विचारता अंगणातला नळ उघडला. नळानं एक लांब उसासा टाकला. पट्टा दंडाला तसाच लोंबकळत असलेले आबा खुर्चीत ताठ बसून राहिले.

मग सगळं मंडळ विहिरीकडे निघालं. पुढे नर्सबाई, मागे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली माणसं, चुन्याच्या बादल्या हातात तशाच. काठावर उभं राहून सगळ्यांनी आत वाकून बघितलं. आत एका कोपऱ्यात सूनबाईचं खोरं उभं रोवलेलं होतं आणि त्याच्या भोवती तिच्या पावलांचे खड्डे होते. लहान होते ते. अध्यक्षांच्या तोंडून एवढंच निघालं की हे वहिनी एकट्या करतायत.

"काम चालू आहे," आबा म्हणाले. "माणसं आहेत. एक वर, एक खाली."

अध्यक्षांनी बाह्या दुमडायला सुरुवात केली. ते बघून आबांनी त्यांना हातानं थांबवलं आणि स्वतःच विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागले. या कामात काही विशेष नाही, एका पायाचा माणूसही ते करू शकतो, हे त्यांना दाखवायचं होतं. सूनबाई आबा, आबा म्हणत मागे धावली. पायऱ्या अर्ध्यापर्यंत होत्या, पुढे शिडी. आबा शिडीही उतरले. गाळात उतरून त्यांनी तिचं खोरं उपटलं, घमेलं ओढलं, आणि वर बघून असं एक खोरं मारलं की काठावरच्या लोकांच्या अंगावर काटा आला. दुसरं मारण्यासाठी त्यांनी पाय उचलला. तो त्यांचा स्वतःचा होता, तो उचलला गेला. मग दुसरा उचलला. तो आला नाही.

त्यांनी पुन्हा जोर केला. गाळानं तो पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत असा धरला होता की जणू सरकारनं तो विहिरीलाच दिला होता. जितकी ओढाताण केली तितके ते खाली गेले.

पैलवाननं वरून सुचवलं की पट्टे सोडून पाय तिथेच राहू द्या, सुभेदारांना आम्ही दोरानं वर घेतो. सूचना शहाणपणाची होती. आबांनी मान वर केली.

"सरकारी सामान टाकून मी माघार घेत नाही," ते म्हणाले.

एका पायाच्या माणसानं, मांडीपर्यंत गाळात उभं राहून, हे इतक्या शांतपणे सांगितलं की हसणारे हसू शकले नाहीत. अध्यक्ष म्हणाले मग पाय काढायलाच हवा. आणि पाय काढायचा म्हणजे भोवतीचा गाळ काढायला हवा.

पैलवान सगळ्यात आधी उतरला, पांढऱ्या कपड्यांनिशी, कारण कपडे काढले असते तर त्याच्याजवळ काही उरलं नसतं. त्याच्यामागे पोस्टमनकाका, त्यांच्यामागे आणखी माणसं. चुन्याच्या बादल्या रिकाम्या करून गाळ भरायला घेतल्या. अध्यक्षांचं वजन लक्षात घेऊन त्यांना दोराच्या टोकाला बांधलं. ते विहिरीपासून दूर चालत गेले की भरलेली बादली वर यायची, आणि जवळ आले की रिकामी खाली जायची. त्यांनी आयुष्यात बरीच पदं भूषवली होती, पण इतकं उपयोगी पद त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. ते एकदाही थांबले नाहीत. त्यांच्या कमरेला दोर रुतून सदरा लाल झाला तेव्हा नर्सबाईंनी त्यांच्या कमरेला घडी केलेला टॉवेल बांधला आणि ते पुन्हा चालायला लागले.

नर्सबाई मग मशीन पदरात गुंडाळून खाली उतरल्या आणि गाळात उभ्या असलेल्या आबांचा रक्तदाब घेतला. गावात आज तपासलेल्या सगळ्यांत तोच चांगला निघाला.

सूनबाईचा पहिला अर्धा तास संकोचात गेला. मग तिनं बघितलं की माणसं गाळ उचलून ढासळलेल्या बाजूच्याच काठावर टाकतायत, म्हणजे तो उद्या परत आत येणार. तिनं ओरडून सांगितलं की तिकडे नको, पलीकडे, बांधाच्या बाजूला. सगळ्यांनी मुकाट्यानं पलीकडे टाकायला सुरुवात केली. मग तिनं दोघांना बादल्यांच्या मध्ये उभं केलं, पोस्टमनकाकांना खोऱ्याऐवजी पहार दिली, आणि पैलवानला सांगितलं की वाकून खणू नकोस, बसून खण, कंबर राहील. तो बसला. गाळ त्याच्या छातीपर्यंत आला. तो म्हणाला, बरोबर आहे वहिनी, आता कंबर दिसतच नाही.

ऊन माथ्यावरून उतरायला लागलं तेव्हा पाय सुटला. त्यानं मोठा आवाज केला, बाटलीचं बूच निघावं तसा, आणि आबा मागे पैलवानच्या अंगावर पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी पट्टे सोडले आणि आधी पाय दोरानं वर गेला, अध्यक्षांच्या चालण्यावर, हळूहळू, आणि काठावर सासूनं तो दोन्ही हातांनी घेतला व पदरानं पुसला.

आणि मग काम संपलं. म्हणजे ज्या कामाला लोक उतरले होते ते संपलं. माणसं शिडीनं वर यायला लागली. हातपाय झाडायला लागली. कुणीतरी फोटोची आठवण काढली. कुणीतरी म्हणालं आता असा अवतार, फोटोत ओळखणार कोण. हसायला लागले. खाली आबांच्या भोवती एक गोल खड्डा झाला होता, आणि त्याच्या भोवती बाकीची विहीर गाळानं तशीच भरलेली होती. झरा कुठे दिसत नव्हता.

आबा त्या खड्ड्यात, भिंतीला हात टेकून, एका पायावर उभे होते. त्यांनी वर बघितलं. सूनबाईला काठावरून त्यांचा चेहरा नीट दिसत होता. त्यांना काय म्हणायचं आहे ते दिसत होतं आणि ते त्यांना म्हणता येत नाही हेही दिसत होतं. माणूस गोळी खाऊ शकतो, पाय सोडून येऊ शकतो, पण एवढे चार शब्द त्याच्या घशातून वर येत नाहीत.

तिनं पदर कमरेला घट्ट केला. सासऱ्यांच्या समोर चार लोकांत ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"गाळ अजून आहे," ती म्हणाली. "अजून चार-पाच दिवसांचा आहे. माझ्याकडून एकटीनं होत नाही. मका वाळतोय. मला माणसं हवी आहेत."

सगळे थांबले. एकानं घासत असलेला हात तसाच धरून ठेवला. अध्यक्षांच्या कमरेला दोर अजून होता. पण लोक तिच्याकडे बघतच नव्हते, ते खाली, सुभेदारांकडे बघत होते.

आबांनी भिंतीचा आधार सोडला, खड्ड्याच्या काठावर बसले, आणि हात पुढे केला. "खोरं द्या इकडे," ते म्हणाले. "बसून खणता येतं."

पैलवान शिडीच्या अर्ध्यावर होता. तो परत उतरला.

त्या दिवशी अंधार पडायच्या आधीपर्यंत खणलं. फोटो राहिला. भाषणही राहिलं, आणि त्याची आठवण अध्यक्षांनाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती. सासू म्हणाली की आता कुणाची वाट बघू नको, ज्याचा त्याचा धंदा आहे. सूनबाईला ते पटलं होतं. ती खोरं घेऊन एकटीच गेली. विहिरीवर पैलवान आधीच बसला होता. त्यानं जुन्या सायकलींच्या ट्यूब कापून सगळ्या दांड्यांना आणि दोराला गुंडाळल्या होत्या, हातांची सालं जाऊ नयेत म्हणून. दुकान बंद ठेवलं का, तिनं विचारलं. तो म्हणाला बंद नाही, पाटी लावली आहे, की ज्याची सायकल बिघडली असेल त्यानं ढकलत विहिरीवर यावं. तीन माणसं आली. सायकली दुरुस्त होईपर्यंत त्यांनाही खाली उतरवलं गेलं.

अध्यक्ष फळ्या आणि खांब घेऊन आले आणि ढासळलेल्या बाजूला आडव्या फळ्या ठोकल्या, म्हणजे रात्रीचा गाळ थांबला. पोस्टमनकाका टपाल वाटून यायचे. नर्सबाई दुपारी यायच्या, फोडांना मलम लावायच्या आणि रागवायच्या. चहा आता शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा व्हायला लागला आणि पैलवान म्हणायचा, पहिल्या दिवसाची चव काही औरच होती. सासू त्याला दोनदा घालून पाडून बोलली आणि तिसऱ्यांदा तिनं त्याला जेवायला वाढलं.

आबा रोज उतरायचे. पाय वर सासूजवळ ठेवून, दोराच्या झोळीत बसून, खाली. खाली बसून खणायचे आणि हुकूम कुणालाच द्यायचे नाहीत. सूनबाई द्यायची. एकदा त्यांचं खोरं चुकीच्या बाजूला चाललं होतं तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की आबा, तिकडे नको, कपारीकडे. त्यांनी खोरं कपारीकडे वळवलं.

त्याच कपारीपाशी, एका टळटळीत दुपारी, तिच्या टाचेला गार लागलं. तिला आधी वाटलं काहीतरी चावलं. तिनं पाय उचलला. पावलाच्या खड्ड्यात पाणी जमत होतं, गढूळ, बोटभर, मग दोन बोटं. तिनं पहारीनं कपारीतला चिखल टोकरला. आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि पाणी आलं. मोठं काही नाही, तांब्या कलंडावा इतकंच. पण ते थांबलं नाही. पैलवान त्यात बसलेलाच होता. तो उठला नाही. त्याला उठावंसंच वाटेना.

पाणी रात्रभर साठू दिलं. सकाळी मोटर सुरू केली. ती गुरगुरली, गुळणी टाकली, आणि मग गप्प झाली नाही.

सूनबाई मक्यात दारं धरायला उभी राहिली, पहिल्या वाफ्याशी. खोऱ्यानं माती काढून पाणी आत घेतलं की ते आधी दचकायचं, मग भेगा शोधत, त्या भरत, पुढे सरकायचं. मंडळाची माणसं बांधावर ओळीनं बसली होती. करायला काहीच उरलं नव्हतं, तरी कुणी उठेना. कामधंद्याची माणसं ती, पण पाणी सरीतून पुढे जाताना अशी बघत होती जणू ते वाटेत कुठे अडेल का हे त्यांच्या बघण्यावर अवलंबून होतं. मक्याची पानं कडेनं गुंडाळलेली होती. पाणी गेलं त्या सरीतली दुपारपर्यंत हळूहळू उघडली. अध्यक्षांनी ते पोस्टमनकाकांना दाखवलं. पोस्टमनकाकांनी ते आधीच बघितलं होतं.

तिनं एक कणीस मोडून सोललं. दाणे होते, कोवळे, नखानं दाबले तर दूध येईल असे. टोकाकडचे थोडे राहिले होते. तिनं ते कणीस आबांकडे पाठवलं. ते हातोहात बांधावरून गेलं, आणि प्रत्येकानं ते क्षणभर धरून पाहिलं.

आबा बांधाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, पाय लावून, बूट चकचकीत. पाणी शेवटच्या सरीत शिरलं तसं त्यांना ते उभं राहून बघायचं होतं. त्यांनी काठी रोवली. जमीन ओली झाली होती, काठी आत गेली. दुसऱ्या जागी रोवली, तिथेही गेली. सूनबाई लांबून बघत होती. धावत जावं की न जावं हे तिला ठरवता येईना. ती खोरं धरून तिथेच उभी राहिली.

आबांनी शेजारी बघितलं.

"पैलवान," ते म्हणाले, "जरा हात दे रे."

पैलवान इतका गडबडला की त्यानं दोन्ही दिले.